बॅकलिंकच्या संधी शोधताना प्रगत सर्च ऑपरेटर नेमके कसे वापरायचे?

शोधयात्री

घरच्या घरी कंपोस्ट करण्याविषयीच्या एका साइटसाठी बॅकलिंक, म्हणजे इतर साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंक, मिळवायच्या आहेत. साठेक लेख, ओल्या-सुक्या कचऱ्याच्या प्रमाणाचे तक्ते आणि स्वतः काढलेल्या आकृत्या एवढा ऐवज आहे. विकायला काही नाही.

सर्च ऑपरेटरच्या, म्हणजे शोध नेमका करणाऱ्या खुणाशब्दांच्या, याद्या जालावर ढिगाने आहेत. बहुतेक याद्यांचा साचा एकच: आपला विषय लिहा आणि पुढे अवतरणात "आमच्यासाठी लिहा" जोडा. त्यातून हाती येतात त्या साइट आज कंपोस्टवर लिहितात, उद्या गृहकर्जावर आणि परवा सट्ट्यावर. तिथली लिंक मिळून उपयोग काय?

म्हणून प्रश्न असा: खऱ्या संपादकाच्या, खऱ्या वाचकांच्या पानांपर्यंत पोचवणारी क्वेरी, म्हणजे शोधचौकटीत टाकायची ओळ, कशी बांधायची? आणि सापडलेलं पान कामाचं आहे की नाही हे चटकन कसं ओळखायचं?

(ऑपरेटरची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. शोधचौकटीत ती रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाकायची. 'ऑर' आणि 'अराउंड' तेवढे मोठ्या अक्षरांत. उदाहरणांतले शब्दही आपापल्या साइटच्या भाषेत बदलून घ्या.)

अवतरणचिन्ह

प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. "आमच्यासाठी लिहा" हा ठसा, म्हणजे फूटप्रिंट, जगातला प्रत्येक लिंकविक्रेता आपल्या पानावर मुद्दाम ठेवतो, कारण शोधणारे तोच टाकणार हे त्याला ठाऊक असतं. त्या क्वेरीचे निकाल बिघडणारच.

क्वेरी उलट्या बाजूने बांधायची. आधी ठरवायचं की ही लिंक कोण, कुठल्या कारणाने देईल. मग त्या माणसाच्या पानावर कुठले शब्द आपसूक उमटलेले असतील ते आठवायचं आणि तेच शोधायचे. बागकाम मंडळाचं वाचनीय दुव्यांचं पान असेल, तर मथळ्यात "उपयुक्त दुवे", "अधिक माहितीसाठी", "संदर्भ" असे शब्द असतील. शिक्षकाने मुलांसाठी केलेली यादी असेल, तर "इयत्ता", "प्रकल्प", "उपक्रम" हे शब्द असतील. त्या पानावर "बॅकलिंक" हा शब्द कधीच नसतो.

सुरुवातीला या चार पुरेत:

इनटायटल:"उपयुक्त दुवे" कंपोस्ट
कंपोस्ट इनयूआरएल:रिसोर्सेस
"कंपोस्ट" "अधिक वाचनासाठी" -इनयूआरएल:शॉप
इनटायटल:कंपोस्ट "शालेय प्रकल्प" फाइलटाइप:पीडीएफ

इनटायटल: पानाच्या मथळ्यात शोधतो, इनयूआरएल: पानाच्या पत्त्यात, फाइलटाइप: ठरावीक प्रकारच्या फाइल देतो आणि वजाचं चिन्ह त्यापुढचं वगळतं. पहिली दोन पानाचा प्रकार पकडतात, तिसरी मजकुरातली सवय पकडते आणि चौथी छापील कागदपत्रं. चौथीबद्दल पुढे कुणीतरी लिहीलच.

कोळिष्टक

कोलननंतर जागा सोडायची नाही. जागा सोडली की 'इनटायटल' हा नुसता शब्द म्हणून शोधला जाऊ शकतो. निम्म्या "ऑपरेटर चालत नाही" तक्रारींचं मूळ हेच.

उणेचिन्ह

आणि वजाचं चिन्ह शब्दाला चिकटून हवं, त्याआधी मात्र जागा हवी. वर्डमध्ये लिहून चिकटवलेल्या क्वेरीत हायफनचा आपोआप लांब डॅश झालेला असतो आणि मग वगळायचं तेच निकालात दिसतं. क्वेऱ्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवाव्यात. एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये ठेवायच्या असतील तर वजाने सुरू होणाऱ्या क्वेरीआधी एक एकेरी अवतरण टाका, नाहीतर शीट तिला सूत्र समजतं.

मधलीसुट्टी

चांगला धागा. बाजूला बसून वाचतोय.

नीरक्षीर

अवतरणचिन्ह यांच्या मुद्द्याला धरून पुढची पायरी. या विषयात आधीपासून नाव असलेल्या दोन-तीन साइट निवडा. दुकानं नकोत, माहिती देणाऱ्या साइट हव्यात. मग:

"पहिलीचं नाव" "दुसरीचं नाव" -साइट:पहिली.ऑर्ग -साइट:दुसरी.ऑर्ग

साइट: म्हणजे फक्त त्या साइटमध्ये शोध, आधी वजा असेल तर ती साइट सोडून. एकाच पानावर या दोघींचा उल्लेख असेल, तर ते पान बहुधा तुलना करणारं, यादी देणारं किंवा संदर्भ देणारं असतं. त्या पानाच्या लेखकाला चांगल्या साइटींची नावं घ्यायची सवय आहे, तिसरं नाव घ्यायला तो तयार होऊ शकतो. "आमच्यासाठी लिहा"वाल्या शंभर पानांपेक्षा अशी दहा पानं मोलाची.

नावं सामान्य शब्दांची असतील (समजा "हिरवी माती") तर निकाल भरकटतात. तिथे नावाऐवजी डोमेन अवतरणात घाला. पण लक्षात असू द्या, अवतरणातलं डोमेन प्रामुख्याने पानावर अक्षरांत दिसणाऱ्या मजकुराशी जुळतं. "इथे वाचा" या शब्दांमागे लपलेली लिंक त्यात येईलच असं नाही.

चौकसबुद्धी

त्यापेक्षा लिंक: ऑपरेटर सरळ वापरला तर? 'लिंक:पहिली.ऑर्ग' असं?

नीरक्षीर

तो गेला. आधीही तो लिंकांचा थोडासा नमुनाच दाखवायचा, २०१७ च्या सुरुवातीला गूगलने त्याचा आधार काढून घेतला. आता टाकलात तर निकाल येतात, म्हणून फसगत होते. ते साध्या शब्दशोधाचे निकाल असतात.

जुन्या याद्यांतले मेलेले इतर ऑपरेटर एकदाच सांगतो: अधिक चिन्ह २०११ मध्ये गेलं, समानार्थी शब्दांसाठीची नागमोडी रेघ २०१३ मध्ये, रिलेटेड: २०२३ मध्ये आणि कॅश: २०२४ मध्ये. ज्या यादीत हे चालू म्हणून दिलेत ती यादी कुणी हाताने तपासलेली नाही.

तळटीप

गूगलचा लिंक: गेला तरी दोन फुकट वाटा उरतात. स्वतःच्या साइटसाठी गूगलच्या सर्च कन्सोल या साइटमालकांच्या साधनातला लिंक्स अहवाल, तो बाहेर काढून शीटमध्ये घेता येतो. दुसऱ्यांच्या साइटसाठी बिंग वेबमास्टर टूल्समधला बॅकलिंक्स विभाग. तिथे आपल्या साइटशेजारी इतर साइट ठेवून कुणाला कुठून लिंक आहेत ते पाहता येतं. यादी अपुरी असते, पण त्यातून ऑपरेटरना खाद्य मिळतं: तिथे सापडलेल्या पानांचे मथळे वाचा, त्यांत वारंवार येणारे शब्द टिपा आणि तेच पुढच्या क्वेरीत इनटायटल: म्हणून वापरा. फूटप्रिंट डोक्यातून काढण्यापेक्षा असे पानांवरून उचलावेत.

बिंगवर शोधत असाल तर इनटेक्स्ट: (पानाच्या मजकुरात शोधणारा ऑपरेटर) ऐवजी इनबॉडी: लिहायचं. तिथे कंटेन्स: नावाचाही एक ऑपरेटर आहे. ज्या पानावर ठरावीक प्रकारच्या फाइलच्या लिंक आहेत अशी पानं तो देतो. 'कंपोस्ट कंटेन्स:पीडीएफ' टाकलं की माहितीपत्रकांच्या याद्या ठेवणारी पानं समोर येतात. गूगलमध्ये याला जोड नाही. फाइलटाइप: खुद्द फाइल शोधतो, तिच्याकडे बोट दाखवणारं पान नाही. आपल्याला हवं असतं ते बोट दाखवणारं पान.

पाऊलखुणा

तुटक्या लिंकांबद्दल अजून कुणी लिहिलं नाही, म्हणून जरा सविस्तर.

दुव्यांची जुनी पानं शोधायची, कारण जितकं पान जुनं तितक्या मेलेल्या लिंक जास्त. क्वेरी: इनटायटल:दुवे कंपोस्ट बिफोर:२०१६-०१-०१. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, नुसतं वर्षही चालतं. मात्र गूगलने धरलेली पानाची तारीख अंदाजाने काढलेली असते. तळाशी दर वर्षी बदलणारा आकडा असला तरी जुनं पान नवं ठरू शकतं. म्हणून तारखेसकट आणि तारखेशिवाय अशा दोन्ही क्वेऱ्या चालवा.

पान मिळालं की ब्राउझरच्या लिंक-तपासनीस एक्स्टेन्शनने त्यावरच्या सगळ्या लिंक तपासा. इथे घाई नको. तपासनीस प्रत्येक लिंकला समोरच्या सर्व्हरने दिलेला उत्तराचा कोड दाखवतो. ४०४ आणि ४१० म्हणजे लिंक खरंच मेली. डोमेनच सापडत नसेल तरी मेली. ४०३ किंवा ४२९ आलं तर बहुतेक वेळा समोरच्या सर्व्हरने तपासनीसाला अडवलेलं असतं, पान जिवंत असतं. ५०० किंवा ५०३ असेल तर दोन दिवसांनी पुन्हा पाहा. सगळ्यात फसवे २००वाले. डोमेन विकलं गेलं आणि तिथे जाहिरातींचं पान बसलं, किंवा मूळ लेख उडवून सगळी रहदारी मुखपृष्ठावर वळवली, तर यंत्राला सगळं ठीक दिसतं. हे डोळ्यांनीच पाहावं लागतं, आणि संधीही इथेच जास्त, कारण इतर शोधणारे इथवर येत नाहीत.

मग मेलेला पत्ता वेबॅक मशीनमध्ये (जुन्या वेबपानांच्या संग्रहात) टाकून पाहायचं की तिथे मुळात काय होतं. ही पायरी गाळू नका. मूळ पान गांडूळखताचं असेल आणि तुम्ही स्वयंपाकघरातल्या बादली-कंपोस्टचा लेख सुचवलात, तर संपादक नाही म्हणेल आणि त्याचं बरोबरच असेल. जुळणारा लेख नसेल तर आधी तो लिहा. जुन्याची नक्कल करू नका, त्याने जी माहिती दिली होती ती आज ताजी आणि बरोबर करून द्या.

शेवटी तोच मेलेला पत्ता अवतरणात घालून पुन्हा शोधा. बऱ्याच याद्यांत पत्ता अक्षरांतच लिहिलेला असतो, त्यामुळे ती मेलेली लिंक बाळगणारी आणखी पानं मिळतात. लेख एक, विचारायला जागा अनेक.

कोळिष्टक

विकिपीडियातही हीच युक्ती करता येते ना? 'साइट:विकिपीडिया.ऑर्ग कंपोस्ट "मृत दुवा"' असं शोधून तिथल्या मेलेल्या संदर्भांच्या जागी आपली लिंक बसवायची.

पाऊलखुणा

शोधायला करा, बसवायला नको. विकिपीडियाच्या बाहेर जाणाऱ्या लिंक २००७ पासून नोफॉलो आहेत (म्हणजे या लिंकला वजन देऊ नका अशी शोधयंत्रासाठी खूण त्यांवर असते), आणि स्वतःची साइट स्वतःच घुसवणं तिथल्या हितसंबंधांच्या धोरणात बसत नाही. तिथून घ्यायचा तो मेलेला पत्ता. विकिपीडियाने संदर्भ म्हणून घेतलेलं पान इतर लेखकांनीही घेतलेलं असण्याची शक्यता बरी असते. तो पत्ता घेऊन बाहेरच्या पानांवर जा.

चौकसबुद्धी

नोफॉलो असेल तर ती लिंक सोडूनच द्यायची का मग? क्वेरीनेच फक्त डूफॉलो, म्हणजे नोफॉलोची खूण नसलेल्या लिंक, देणारी पानं गाळून घेता येतात का?

अवतरणचिन्ह

क्वेरीने नाही. इनटेक्स्ट: दिसणारा मजकूर शोधतो, लिंकच्या टॅगमधलं रेल हे गुणवैशिष्ट्य शोधत नाही. "डूफॉलो" शब्द घालून शोधलंत तर तो शब्द मिरवणारी पानं मिळतील, म्हणजे पुन्हा तेच विक्रेते. पान उघडून लिंकवर उजवी टिचकी, 'इन्स्पेक्ट', आणि तिथे नोफॉलो, स्पॉन्सर्ड (पैसे देऊन मिळालेली लिंक), यूजीसी (वाचकांनी टाकलेली लिंक) यांपैकी काही आहे का ते पाहायचं. स्पॉन्सर्ड आणि यूजीसी २०१९ मध्ये आले, आणि तेव्हापासून गूगल हे तिन्ही आदेश न मानता संकेत मानतं.

सोडून द्यायचं की नाही हे वाचकांवर ठरवा. कंपोस्ट करणारी माणसं जिथे रोज येतात तिथली नोफॉलो लिंक मला जास्त प्यारी आहे. तिच्यावरून आलेला एखादा वाचकच पुढे स्वतःच्या पानावर साधी लिंक देतो.

जुनीवही

थोडा विरोध नोंदवतो. पाहुण्या लेखांना सगळेच झोडपताय. विषयाची नियतकालिकं आणि संस्थांची बातमीपत्रं बाहेरच्या जाणकारांकडून लेख घेतातच, त्यात गैर काय?

अवतरणचिन्ह

गैर काहीच नाही. गूगलचं धोरण मोठ्या प्रमाणावर पेरलेल्या आणि कीवर्ड भरलेल्या अँकर टेक्स्टच्या (लिंकवर दिसणाऱ्या शब्दांच्या) लेखांना स्पॅम म्हणतं. एका चांगल्या जागी लिहिलेला एक चांगला लेख, लेखकाच्या परिचयात साइटचं नाव, यात अडचण नाही. माझी हरकत त्या जागा शोधण्याच्या क्वेरीला आहे.

"आमच्यासाठी लिहा" टाळा आणि परिचयाच्या वाक्यांचा ठसा धरा: कंपोस्ट "लेखक हे" "पाहुणे लेखक", किंवा विषयातल्या एखाद्या लिहित्या माणसाचं नाव अवतरणात घालून त्याची स्वतःची साइट वजा करा. तो जिथे जिथे लिहितो त्या जागा उघड्या पडतात. त्या जागांना जाणकार लेखक हवे असतात हे त्यातच सिद्ध झालं.

नीरक्षीर

जुनीवही, सापडलेली साइट खरी की लिंकांचा कारखाना, हे तपासायलाही ऑपरेटरच वापरा. दोन मिनिटांचं काम आहे:

साइट:तीसाइट.कॉम कॅसिनो ऑर बेटिंग ऑर कर्ज
साइट:तीसाइट.कॉम "प्रायोजित लेख"
साइट:तीसाइट.कॉम कंपोस्ट

पहिलीत बागकामाच्या साइटवर सट्ट्याचे लेख निघाले की टॅब बंद. असे लेख साइट फोडून चोरून घुसवलेलेही असू शकतात, पण आपल्या दृष्टीने निष्कर्ष तोच. दुसरीत किंमतपत्रक निघालं तरी बंद, कारण पैसे देऊन मिळालेल्या लिंकवर स्पॉन्सर्ड किंवा नोफॉलो नसेल तर ते धोरणाचं सरळ उल्लंघन. तिसरीत आपल्या विषयाचे बरेच लेख दिसले तर पुढे जायचं.

'ऑर' फक्त लगतच्या दोन पदांना जोडतो. त्यामुळे "गृह कर्ज" असा दोन शब्दांचा पर्याय असेल तर तो अवतरणातच ठेवा, नाहीतर नुसत्या शेवटच्या शब्दाला पर्याय धरला जातो.

उणेचिन्ह

मी वजाबाकीची एक शेपटी तयार ठेवायला सांगेन. कुठल्याही क्वेरीमागे तीच जोडायची:

-साइट:पिंटरेस्ट.कॉम -साइट:फेसबुक.कॉम -साइट:यूट्यूब.कॉम -इनयूआरएल:टॅग -इनयूआरएल:प्रॉडक्ट -"प्रायोजित लेख"

पण शेपटी वाढवत नेऊ नका. गूगल एका क्वेरीतले पहिले ३२ शब्दच धरतं, त्यापुढचं गळतं. बिंगची मर्यादा त्याहून बरीच कमी आहे. महत्त्वाचं आधी लिहा, शेपटी शेवटी.

मधलीसुट्टी

तीन क्वेऱ्या चालवल्या की गूगल "मी यंत्रमानव नाही" अशी खूण करायला लावतं. का?

तळटीप

कारण इनयूआरएल: आणि इनटायटल: असलेल्या क्वेऱ्या पाठोपाठ यायला लागल्या की त्या यंत्राने चालवल्यासारख्या दिसतात. वेग कमी करा. एक क्वेरी, तिचे निकाल नीट वाचणं, मग दुसरी. तसंही वाचल्याशिवाय पुढची क्वेरी सुधारत नाही. निकाल यंत्राने ओरबाडणारी साधनं वापरू नका, गूगलच्या अटींत ते बसत नाही. पत्त्याच्या शेवटी नम=१०० जोडून एका पानावर शंभर निकाल पाहण्याची सोय होती, तीही २०२५ मध्ये गेली. आता पानं उलटत जायचं.

आणि गूगल दाखवतं त्या निकालांच्या आकड्यावर विसंबू नका. लाखभर म्हणतो आणि पंधराव्या पानावर संपतो. तो ढोबळ अंदाज असतो. दोन क्वेऱ्यांपैकी कुठली बरी हे पहिल्या तीस निकालांत कामाची पानं किती, यावरून ठरवा.

कोळिष्टक

विद्यापीठांच्या साइटींवर कुणी बोललं नाही. 'साइट:एज्यु इनटायटल:लिंक्स कंपोस्ट' ही तर सोन्याची खाण म्हणतात.

जुनीवही

खाण नाही. एज्युला गूगल वेगळं वजन देत नाही, हे त्यांच्या लोकांनी जाहीरपणे अनेकदा सांगितलंय. त्या पानांना इतर चांगल्या पानांच्या लिंक असतात म्हणून ती मोलाची वाटतात. विद्यार्थ्याच्या मोफत जागेवरचं, कुणीही न वाचणारं पानही एज्युच असतं. विद्यापीठाच्या कृषिविस्तार विभागाचं पान मात्र खरंच मिळवण्यासारखं आहे. त्यासाठी 'साइट:एज्यु "घरगुती कंपोस्ट" विस्तार' अशी विषयाची क्वेरी चालवा.

आणि फक्त एज्युवर थांबू नका. बऱ्याच देशांत विद्यापीठांचे पत्ते एसी या उपडोमेनखाली असतात, तेव्हा साइट:एसी.यूके, साइट:एसी.जेपी असंही शोधता येतं.

पाऊलखुणा

अवतरणचिन्ह यांनी पीडीएफचा विषय दुसऱ्यावर सोपवला होता, तो घेतो. पीडीएफमधल्या लिंकही गूगल मोजतं, पण एकदा छापलेली फाइल कुणी उघडून दुरुस्त करत नाही. तिचा उपयोग वेगळा. फाइलच्या शेवटी संपादक मंडळ, विभागाचं नाव, आवृत्तीचं वर्ष असतं. पुढची आवृत्ती केव्हा येणार ते विचारा आणि त्या आवृत्तीसाठी तुमचा प्रमाणांचा तक्ता देऊ करा. शिवाय त्या फाइलचं नाव अवतरणात घालून शोधलं की ती फाइल जिथे चढवली आहे ते वेबपान मिळतं. ते दुरुस्त करणं सोपं.

शोधयात्री

सगळ्यांचे आभार. आतापर्यंतच्या प्रतिसादांवरून क्वेऱ्यांचा हा पहिला संच केलाय, चुका काढा:

१) "कंपोस्ट" अराउंड(५) "उपयुक्त दुवे"
२) ऑलइनटायटल:कंपोस्ट दुवे -साइट:माझीसाइट.ऑर्ग
३) "माझ्या साइटचं नाव" -साइट:माझीसाइट.ऑर्ग
४) "आमच्या लेखातलं एक वाक्य" -साइट:माझीसाइट.ऑर्ग

नीरक्षीर

पहिलीत गडबड आहे. अराउंड(५) म्हणजे दोन पदांमध्ये फार तर पाच शब्दांचं अंतर. दुव्यांच्या पानावर "उपयुक्त दुवे" मथळ्यात असतं आणि "कंपोस्ट" खाली यादीत कुठेतरी, म्हणजे तुम्ही चांगली पानंच गाळताय. दुव्यांच्या पानाला अंतर नको, नुसती दोन्ही पदं पुरेत. अराउंड वापरायचा तो तुमच्या नावाच्या उल्लेखांसाठी: "साइटचं नाव" अराउंड(८) कंपोस्ट. नाव सामान्य शब्दांचं असेल तेव्हा तो फार उपयोगी पडतो.

दुसरीत ऑलइनटायटल: त्यापुढचे सगळे शब्द मथळ्यात मागतो आणि इतर ऑपरेटरबरोबर त्याचं नीट जमत नाही. त्याऐवजी इनटायटल:कंपोस्ट इनटायटल:दुवे असं सुटं लिहा, मग वजाबाकी जोडा.

अवतरणचिन्ह

तिसरी आणि चौथी या संचातल्या सगळ्यात सोप्या लिंक आहेत, त्या आधी चालवा. तिसरीत तुमचा उल्लेख आहे पण लिंक नाही अशी पानं येतील. त्या माणसाने तुमचं नाव आधीच घेतलंय. फक्त "वाचकांना थेट पोचता यावं म्हणून नावावर लिंक द्याल का" एवढं दोन ओळींत विचारायचं. नावाचे सगळे अवतार चालवा: जोडून, तोडून, चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घाने, रोमन लिपीत. अवतरणातला शोध स्पेलिंगला कडक असतो. "कंपोस्ट" शोधलंत तर "कम्पोस्ट" लिहिणारे हातून निसटतील.

चौथीसाठी आठ-दहा शब्दांचं, आकडे असलेलं आणि इतर कुणी सहज लिहिणार नाही असं वाक्य घ्या. लेखाचं पहिलं वाक्य नको, ते सारांशात सगळीकडे फिरतं. दोन-तीन मोठे परिच्छेद जसेच्या तसे उचललेली पानं मिळतील. त्यांतली यंत्राने चोरलेली सोडून द्या. माणसाने चालवलेली साइट असेल तर तक्रारीआधी मूळ लेखाची लिंक मागा. बहुतेकांना तेच सोपं वाटतं.

उणेचिन्ह

आकृत्या विसरू नका. तुम्ही म्हणालात की त्या स्वतः काढलेल्या आहेत. प्रत्येक आकृती गूगल लेन्समध्ये टाकून पाहा, कुणी वापरली आहे ते दिसतं. कातरून किंवा रंग बदलून वापरलेलीही बऱ्याचदा सापडते. श्रेय आणि लिंक मागायला याहून रास्त कारण दुसरं नाही.

शोधयात्री

दुरुस्त करतो. शेवटचं विचारतो: पान चांगलं आहे, दुव्यांची यादी आहे, पण संपर्काचा पत्ता कुठेच नाही. अशा वेळी?

तळटीप

साइट:तीसाइट.ऑर्ग इनटायटल:संपर्क ऑर इनटायटल:आमच्याविषयी

एवढ्याने नाही मिळालं तर 'साइट:तीसाइट.ऑर्ग "संपादन"' किंवा '"पानाची देखभाल"'. जुन्या दुव्यांच्या पानांच्या तळाशी देखभाल करणाऱ्याचं नाव लिहायची पद्धत होती. संस्थेची साइट असेल तर 'साइट:तीसाइट.ऑर्ग फाइलटाइप:पीडीएफ वार्षिक अहवाल' यात समन्वयकाचं पद आणि कार्यालयाचा ईमेल सापडतो. कुणाचा खाजगी पत्ता मात्र उकरून काढू नका, कार्यालयाच्या सार्वजनिक पत्त्यावरच लिहा.

पत्रात आधी त्यांच्या पानाचा पत्ता, मग मेलेली लिंक कुठल्या शीर्षकाखाली कितवी आहे ते, आणि मग तुमच्या एकाच लेखाची लिंक. तीन लेख पाठवलेत की संपादकाला निवड करावी लागते आणि पत्र बाजूला पडतं. अँकर टेक्स्ट काय असावं हे सुचवू नका, ते त्यांना ठरवू दे. उत्तर नाही आलं तर आठवड्याने एकदाच आठवण, त्यापुढे नाही.

पाऊलखुणा

आणि शीटमध्ये पानाच्या पत्त्याशेजारी ते कुठल्या क्वेरीतून मिळालं त्याचा एक रकाना आजपासूनच ठेवा. चाळीसेक पत्रं गेली की कुठली क्वेरी उत्तरं आणते आणि कुठली नुसते पत्ते, ते त्या रकान्यावरून दिसेल. मग पुढचे फूटप्रिंट होकार आलेल्या पानांच्या मथळ्यांतून उचला.

शोधयात्री

रकाना जोडला. तिसऱ्या आणि चौथ्या क्वेरीपासून सुरुवात करतोय, आकृत्या त्यानंतर लगेच.